राखीव रनिंग बॅक घ्यावा की सोडावा: मंगळवारच्या रात्रीचा हिशेब

11 ऑक्टोबर 2020 च्या रविवारी रात्री सिअ‍ॅटलमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या मिनेसोटा व्हायकिंग्जचा मुख्य रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) डॅल्विन कुक जांघेचा स्नायू दुखावल्यामुळे सामन्याच्या मध्येच बाहेर पडला आणि त्याचा राखीव खेळाडू अलेक्झांडर मॅटिसन याने 20 कॅरींमध्ये (चेंडू घेऊन केलेल्या धावांमध्ये) 112 यार्ड काढले. पुढच्या रविवारी कुक खेळणार नव्हता. समोर अटलांटा फाल्कन्स होते; त्यांनी तोवरचे पाचही सामने हरले होते आणि त्यांच्या मुख्य प्रशिक्षकाला नुकताच नारळ मिळाला होता. याहून सोपे गणित असूच शकत नाही असे समजून मी मॅटिसनला बिनघोर माझ्या फॅंटसी फुटबॉलच्या संघात घेऊन खेळवले. व्हायकिंग्ज पूर्वार्धातच मोठ्या फरकाने मागे पडले, आणि मागे पडलेला संघ चेंडू घेऊन धावत बसत नाही, तो फेकत सुटतो. मॅटिसनच्या वाट्याला त्या दिवशी 10 कॅरी आल्या, त्यांतून 26 यार्ड निघाले आणि माझ्या खात्यात धावांचे 2.6 गुण जमा झाले.

चूक मॅटिसनची नव्हती, माझ्या वाचनाची होती. गेल्या रविवारचे 112 यार्ड मी पाहिले, पण ते यार्ड कोणत्या परिस्थितीत मिळाले आणि तीच परिस्थिती पुन्हा येईल का, हे पाहिले नाही. तेव्हापासून राखीव रनिंग बॅकची पारख करताना मी यार्ड सर्वांत शेवटी वाचतो. हा खेळाडू किती चांगला आहे, हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य माणसाच्या हातून सुटलेले काम याच्याकडे येणार आहे का, आले तर किती आणि किती आठवडे, हे आधी ठरवावे लागते. पुढे जी पद्धत मांडली आहे ती याच क्रमाने जाते. ती अमेरिकेतल्या ऑफिसच्या लीगमध्ये खेळणाऱ्यांना जितकी लागू आहे, तितकीच पुण्यात बसून अमेरिकन सहकाऱ्यांच्या लीगमध्ये नाव घातलेल्यांनाही लागू आहे.

पहिली पायरी: आपल्या लीगचे नियम समोर ठेवणे

क्रिकेटच्या ज्या फॅंटसी खेळांची आपल्याला सवय आहे, त्यांत दर सामन्याला नवा संघ रचता येतो आणि एकच फलंदाज हजारो लोकांच्या संघात असू शकतो. हंगामभर चालणाऱ्या फॅंटसी फुटबॉलमध्ये तसे नसते. एक खेळाडू लीगमधल्या एकाच संघाच्या मालकीचा असतो, आणि म्हणूनच राखीव खेळाडूला किंमत येते. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाने दोन रनिंग बॅक खेळवायचे असतील तर दर आठवड्याला 24 लागतात. वर फ्लेक्सच्या, म्हणजे एकाच प्रकारच्या खेळाडूचे बंधन नसलेल्या, जागी बऱ्याच जणांनी आणखी एक रनिंग बॅक लावला तर आकडा तिशीच्या पलीकडे जातो. एनएफएलमध्ये संघच 32 आहेत, त्यांतले काही बाय वीकमुळे (संघाच्या सुट्टीच्या आठवड्यामुळे) घरी बसलेले असतात, काहींचे मुख्य रनिंग बॅक जायबंदी असतात आणि काही संघांत काम दोघांत वाटलेले असते. टंचाई इथे तयार होते.

याउलट आठ किंवा दहा जणांच्या, लहान बेंचच्या लीगमध्ये राखीव खेळाडू महिनाभर अडवून ठेवणे परवडत नाही, कारण वेव्हरवर (लीगमध्ये कोणाच्याच संघात नसलेल्या, बोली लावून घेता येणाऱ्या खेळाडूंत) खेळवण्याजोगा कोणी ना कोणी नेहमीच शिल्लक असतो. त्यामुळे मित्राच्या लीगमधला सल्ला आपल्या लीगला जसाच्या तसा लागू करू नये. झेल घेतल्याबद्दल गुण मिळतात का, हेही आत्ताच पाहून घ्यावे. चार यार्डांची एक कॅरी 0.4 गुण देते, तर पूर्ण पीपीआर लीगमध्ये, म्हणजे दर झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये, सहा यार्डांचा एक झेल 1.6 गुण देतो. म्हणजे अशा लीगमध्ये असा एक झेल तशा चार कॅरींइतका मोलाचा ठरतो. पुढच्या सगळ्या निर्णयांवर या एका फरकाची छाया राहते.

दुसरी पायरी: जागा का रिकामी झाली, हे ओळखणे

मुख्य खेळाडू जखमी झाला की वेव्हरवर एकच झुंबड उडते, पण जखमा सारख्या नसतात. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटला की त्या खेळाडूचा हंगाम संपतो आणि राखीव खेळाडूची किंमत हंगामभराची होते. घोट्याच्या वरच्या भागातला स्प्रेन बहुतेकदा काही आठवडे खातो. मांडीच्या मागचा स्नायू दुखावलेला खेळाडू लवकर परततो खरा, पण तीच जखम पुन्हा उसळण्याची भीती राहते. म्हणून अशा वेळी राखीव खेळाडू सोडायची घाई करू नये. डोक्याला मार बसून कन्कशनच्या प्रक्रियेत गेलेला खेळाडू पुढच्याच रविवारी मैदानावर दिसू शकतो. संघाने खेळाडूला इंज्युअर्ड रिझर्व्ह यादीत टाकले तर त्याला किमान चार सामने बाहेर राहावे लागते. वेव्हरच्या बोलीसाठी यापेक्षा पक्की माहिती सहसा मिळत नाही. प्रशिक्षक पत्रकार परिषदेत ‘रोजच्या रोज पाहू’ म्हणतात, त्या वाक्यावर एक डॉलरही लावू नये.

सर्वांत मोलाची जागा मात्र जखमेने रिकामी होतच नाही. ती प्रशिक्षकाच्या नाराजीने होते. 2023 च्या पहिल्या आठवड्यात लॉस एंजेलिस रॅम्सच्या कॅम एकर्सने सिअ‍ॅटलविरुद्ध 22 कॅरींमध्ये अवघे 29 यार्ड काढले. त्याच सामन्यात कायरन विल्यम्सला 15 कॅरी मिळाल्या, त्यांत 52 यार्ड आणि दोन टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेणे, फॅंटसीत सहा गुण) निघाले. नुसत्या कॅरी मोजणाऱ्यांनी काम एकर्सकडेच आहे असे म्हटले. पण मैदानावर जास्त वेळ विल्यम्स होता. दुसऱ्या आठवड्यात एकर्सला सामन्यासाठी उतरवलेच नाही आणि लवकरच त्याची मिनेसोटाला रवानगी झाली. विल्यम्सने त्या हंगामात 12 सामन्यांत 1,144 यार्ड आणि धावून 12 टचडाउन केले. जखमी खेळाडूच्या परतीची तारीख कधी ना कधी येते. प्रशिक्षकाच्या मनातून उतरलेल्या खेळाडूला अशी तारीख नसते, म्हणून त्याच्या जागी आलेल्या माणसावर मी जखमेपेक्षा दुप्पट बोली लावायला तयार असतो.

तिसऱ्या प्रकारात कोणी जखमी नसते आणि कोणावर राग नसतो, नवा खेळाडू हळूहळू वरचढ होत जातो. 2024 मध्ये टॅम्पा बे बकनीअर्सचा बकी अर्व्हिंग हा ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, चौथ्या फेरीत निवडलेला नवखा खेळाडू रशाद व्हाइटच्या मागे होता. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर 1,122 यार्ड होते. अशा खेळाडूंचा वाटा आठवड्यागणिक थोडाथोडा वाढतो आणि बातमी व्हायच्या आधी आकड्यांत दिसतो.

तिसरी पायरी: काम नेमके कोणाकडे गेले, हे मोजणे

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. रनिंग बॅकचे काम हे एक काम नाही, तीन वेगवेगळी कामे आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी) चेंडू घेऊन धावणे हे पहिले. तिसऱ्या डाउनला आणि अर्धा संपायच्या आधीच्या शेवटच्या दोन मिनिटांत मैदानावर राहून पास झेलणे हे दुसरे. आणि एंड झोनपासून पाच यार्डांच्या आत चेंडू आला की तो आत नेणे हे तिसरे. मुख्य खेळाडू तिन्ही करत असेल तर त्याच्या जाण्याने तिन्ही मोकळी होतात, पण ती एकाच वारसाकडे जातील असे नाही. बहुतेक संघांत भाऊबंदांत जमीन वाटली जावी तशी ती वाटली जातात, आणि आपल्याला मिळालेला तुकडा पिकाऊ आहे की खडकाळ, हे पाहणे आपल्यावर असते.

त्यासाठी सोमवारी किंवा मंगळवारी प्रत्येक संघाचे स्नॅपचे आकडे उघडावेत. प्रत्येक चालीची सुरुवात स्नॅपने होते, त्यामुळे एखादा खेळाडू किती टक्के स्नॅपना मैदानावर होता, यावरून प्रशिक्षकाचा त्याच्यावर किती विश्वास आहे ते कळते. माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे की मुख्य खेळाडू बाहेर गेल्यानंतरच्या स्नॅपपैकी साठ टक्क्यांहून जास्त ज्याला मिळाले तो गंभीरपणे घ्यावा, चाळीस ते साठच्या मधला फक्त टंचाईच्या आठवड्यात घ्यावा आणि त्याखालचा दुसऱ्या कोणाला घेऊ द्यावा. ‘मुख्य खेळाडू बाहेर गेल्यानंतर’ हे शब्द इथे कळीचे आहेत. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जखम झाली असेल तर पूर्ण सामन्याची टक्केवारी दिशाभूल करते. त्या क्षणानंतरच्या चाली वेगळ्या काढून मोजाव्या लागतात. एनएफएलच्या प्रत्येक सामन्याचा चालीगणिक वृत्तांत मोफत उपलब्ध असतो आणि या कामाला पंधरा मिनिटे पुरतात.

तो वृत्तांत वाचताना धावसंख्येकडे लक्ष ठेवावे. संघ 24 गुणांनी पुढे असताना चौथ्या क्वार्टरमध्ये मिळालेल्या नऊ कॅरी म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर उरलेली पंगत आहे. तिथे तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडूही पोटभर जेवतो आणि पुढच्या रविवारी उपाशी राहतो. सामना अटीतटीचा असताना, तिसऱ्या डाउनला सात यार्ड हवे असताना मैदानावर कोण होता, हे मात्र काळजीपूर्वक टिपून ठेवावे. तरुण रनिंग बॅकला या जागी उभे करायला प्रशिक्षक कचरतात, याचे कारण धावण्यात नसून अडवण्यात आहे. समोरून धावून येणारा लाइनबॅकर (प्रतिस्पर्ध्यांचा बचावपटू) त्याला वेळीच ओळखता आला नाही तर क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) जखमी होतो, आणि त्या जोखमीपुढे चार यार्ड जास्त पळण्याला फारशी किंमत नसते. म्हणून नवखा खेळाडू अचानक तिसऱ्या डाउनला दिसू लागला तर ती खूण मोठी मानावी.

पास झेलण्याच्या कामाचे मोल पाहायचे असेल तर 2020 मधला कॅरोलायना पँथर्सचा माइक डेव्हिस पाहावा. ख्रिश्चन मॅककॅफ्री त्या हंगामात जेमतेम तीन सामने खेळला आणि त्याच्या जागी आलेल्या डेव्हिसने 642 यार्ड धावून काढले. हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण त्याने 59 झेल घेतले. पूर्ण पीपीआर लीगमध्ये यार्ड आणि टचडाउन धरण्याच्या आधीच हे 59 गुण झाले. संघ मागे पडला तरी असा खेळाडू मैदानावर राहतो. अटलांटाच्या त्या रविवारी मॅटिसनकडून मला हवे होते ते हेच. तिसऱ्या कामाचे, म्हणजे गोल लाइनचे, टोकाचे उदाहरण 2022 च्या डेट्रॉइट लायन्समध्ये आहे. डिआंद्रे स्विफ्ट दर कॅरीमागे जास्त यार्ड काढत होता, पण एंड झोनच्या तोंडाशी चेंडू जमाल विल्यम्सकडे जाई आणि विल्यम्सने धावून 17 टचडाउन केले. नुसत्या टचडाउनचेच 102 गुण झाले. स्विफ्टच्या मालकांनी तो हंगाम दात-ओठ खात काढला.

संघाने जाहीर केलेल्या डेप्थ चार्टचे (कोणत्या जागी पहिला कोण, दुसरा कोण या यादीचे) काय, असे कोणी विचारील. तो कागद वाचावा, पण त्यावर विसंबू नये. 2021 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने ट्रे सर्मनला तिसऱ्या फेरीत आणि एलायजा मिचेलला सहाव्या फेरीत निवडले होते, त्यामुळे फॅंटसीच्या लिलावात पैसे सर्मनवर पडले. पहिल्याच सामन्यात सर्मन तंदुरुस्त असूनही त्याला उतरवले नाही, मुख्य रनिंग बॅक रहीम मोस्टर्ट सुरुवातीलाच जखमी झाला आणि मिचेलने डेट्रॉइटमध्ये 19 कॅरींमध्ये 104 यार्ड काढले. त्याआधी 2015 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सच्या जमाल चार्ल्सचा एसीएल तुटला तेव्हा ज्यांनी नाइल डेव्हिसला वारस समजून महिनाभर सांभाळले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत काम चारकॅंड्रिक वेस्टकडे आणि पुढे स्पेन्सर वेअरकडे गेले. बेंचवर जपलेला हँडकफ, म्हणजे मुख्य खेळाडूचा विमा म्हणून ठेवलेला त्याचा राखीव, चुकीच्या हाताचा निघू शकतो. म्हणून मुख्य खेळाडू धडधाकट असतानाच, एखाद्या सामन्यात तो दम खायला बाहेर आला की त्याच्या जागी आधी कोण आत जातो, ते पाहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

चौथी पायरी: संघ आणि प्रशिक्षक

काही प्रशिक्षकांची रचनाच अशी असते की तिथे कोणीही उभा राहिला तरी यार्ड निघतात. काइल शॅनाहानच्या फोर्टीनाइनर्समध्ये मोस्टर्ट, मिचेल आणि नंतर जॉर्डन मेसन असे एकामागून एक राखीव खेळाडू चमकले. 9 सप्टेंबर 2024 च्या सोमवारी, तोवर या संघात आलेला मॅककॅफ्री खेळणार नाही हे सामन्याच्या जेमतेम दीड तास आधी जाहीर झाले आणि मेसनने न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध 28 कॅरींमध्ये 147 यार्ड आणि एक टचडाउन केला. अशा संघाचा दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू मी जखमेची वाट न पाहता बेंचवर ठेवतो. तोही मोडला तर तिसऱ्याकडे पाहतो.

याच्या उलट बाजूला ज्या संघाचा क्वार्टरबॅक स्वतःच गोल लाइनवर चेंडू घेऊन आत घुसतो, तिथल्या राखीव खेळाडूची किंमत मी थोडी कापतो. फिलाडेल्फिया ईगल्सच्या जेलन हर्ट्सने 2023 मध्ये स्वतः धावून 15 टचडाउन केले. ते टचडाउन कोणा रनिंग बॅकच्या ताटातून गेले, हे उघड आहे. अडवून वाट करून देणारी आक्रमक फळी दुबळी असेल, किंवा संघ आठवड्याला एक-दोन टचडाउनच करत असेल, तर शंभर टक्के काम मिळूनही हाती काही लागत नाही.

पाचवी पायरी: पुढचे तीन आठवडे

तीन आठवड्यांपलीकडे पाहण्यात अर्थ नसतो, कारण तोवर निम्मी माहिती शिळी होते. प्रतिस्पर्धी धावेला किती मोकळीक देतो, हे पाहावेच. पण सामना कसा वळण्याची शक्यता आहे, हे त्याहून आधी पाहावे. वृत्तपत्रांत छापला जाणारा पॉइंट स्प्रेड (कोण किती गुणांनी जिंकेल याचा पैजेच्या बाजाराचा अंदाज) पैजेसाठी नको, अंदाजासाठी वाचावा. आपला संघ सात गुणांनी मागे राहील असा अंदाज असेल आणि आपला खेळाडू पास न झेलणारा असेल, तर तो आठवडा सोडून द्यावा. माझ्या मॅटिसनच्या आठवड्यात मात्र या अंदाजानेही साथ दिली नसती, कारण हरत आलेल्या संघाकडून व्हायकिंग्ज चितपट होतील असे कोणीच धरले नव्हते. ज्या खेळाडूला झेलांचा आधार नाही त्याचा तळ फार खोल असतो, एवढे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. पुढच्या वर्षी, 2021 मध्ये, कुक बाहेर असताना याच मॅटिसनने सिअ‍ॅटलविरुद्ध 26 कॅरींत 112 आणि डेट्रॉइटविरुद्ध 25 कॅरींत 113 यार्ड काढले. खेळाडू तोच होता, संघ तोच होता, पण त्या सामन्यांत त्याच्याकडे पंचवीसच्या घरात कॅरी आल्या.

बाय वीक कधी आहे तेही पाहून ठेवावे. मुख्य खेळाडू तीन आठवडे बाहेर असेल आणि त्यातला एक आठवडा संघाची सुट्टी असेल, तर आपण तिनाचे पैसे देऊन दोनच सामने घेतो. नोव्हेंबरनंतर फॅंटसीच्या बाद फेरीचे, म्हणजे बहुतेक लीगमध्ये पंधराव्या ते सतराव्या आठवड्याचे, सामने समोर ठेवून निवड करावी.

सहावी पायरी: बोली आणि बळी

बहुतेक लीगमध्ये हंगामभरासाठी काल्पनिक 100 डॉलर मिळतात आणि बंद बोली मंगळवारी रात्रीपर्यंत लावायची असते. भारतात निकाल बुधवारी दिवसा कळतो. माझी विभागणी ढोबळ आहे. सप्टेंबरमध्ये हंगामभराची जागा मोकळी झाली असेल आणि तिन्ही कामांपैकी निदान दोन एकाच खेळाडूकडे जात असतील, तर मी निम्मे बजेट द्यायला कचरत नाही, कारण अशी संधी हंगामात एखाद-दोनदाच येते. 2020 मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने हंगामाच्या तोंडावर लेनर्ड फोर्नेटला काढले तेव्हा मागे जेम्स रॉबिन्सन हा ड्राफ्टमध्ये कोणीही न निवडलेला नवखा होता. त्याने 1,070 यार्ड काढले. दोन-तीन आठवड्यांच्या तात्पुरत्या जागेला दहा ते पंधरा पुरेत. नुसते बेंचवर ठेवायच्या खेळाडूला एक ते तीन. बोली गोल आकड्यात लावू नये. 20 लावणारे पुष्कळ असतात, 21 लावणारा खेळाडू घेऊन जातो.

पैशांइतकाच विचार कोणाला काढायचे याचा करावा, आणि लोक तोच करत नाहीत. माझी कसोटी एका प्रश्नाची आहे: बेंचवरच्या या माणसाला मी पुढच्या तीन आठवड्यांत स्वतःहून कधी खेळवीन? उत्तर ‘कधीच नाही’ असे आले तर तो जावा, मग लिलावात त्याच्यासाठी कितीही मोजलेले असोत. दुसरा क्वार्टरबॅक आणि दुसरा टाइट एंड (पास झेलणारा आणि अडवणाराही खेळाडू) या प्रश्नावर सहसा आधी गळतात. मुख्य खेळाडू धडधाकट असेपर्यंत ज्याला काहीच काम नाही, पण तो मोडला तर सगळे काम ज्याच्याकडे येईल, असा राखीव रनिंग बॅक मात्र मी राखून ठेवतो. डॅलस काउबॉइजचा टोनी पोलार्ड हा एझिकेल एलियटच्या मागे असाच होता. 20 डिसेंबर 2020 ला, बऱ्याच लीगच्या उपांत्य फेरीच्या दिवशी, एलियट ऐन वेळी बाहेर बसला. पोलार्डने 69 यार्ड धावून दोन टचडाउन केले आणि सहा झेलांत 63 यार्ड मिळवले. पूर्ण पीपीआरमध्ये ते 31.2 गुण होतात. त्या दिवशी वेव्हरकडे धावणाऱ्यांची वरातीमागून घोडी निघाली होती.

सातवी पायरी: बुधवार ते रविवार

बोली जिंकली म्हणजे निर्णय झाला असे नाही. एनएफएलचे संघ बुधवार, गुरुवार आणि शुक्रवारी सरावाचा अहवाल देतात. त्यात मुख्य खेळाडूने सराव केला नाही, मर्यादित केला की पूर्ण केला, हे लिहिलेले असते. बुधवारी विश्रांती घेणे सामान्य आहे, पण शुक्रवारी सराव न करणारा रविवारी क्वचितच खेळतो. बुधवारी पूर्ण आणि शुक्रवारी मर्यादित असा उतरता क्रम दिसला तर सावध व्हावे. शेवटची यादी सामन्याच्या 90 मिनिटे आधी येते. न्यूयॉर्कच्या दुपारी एकच्या सामन्यांसाठी ती भारतात रात्री नऊला दिसते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिकडची घड्याळे मागे गेली की दहाला. पुण्यातल्या खेळाडूला ही वेळ सोयीची आहे. सोमवारच्या सामन्याची यादी मात्र इथे मंगळवारी पहाटे येते. त्यामुळे मॅककॅफ्रीसारखा प्रसंग टाळायचा असेल तर शंकास्पद खेळाडूच्या जागी त्याच सामन्यातला पर्याय आधीच हाताशी ठेवून झोपावे.

याच दिवसांत आपल्या संघाने दुसरा कोणी रनिंग बॅक करारावर घेतला का, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. 2018 च्या डिसेंबरमध्ये मुख्य रनिंग बॅक टॉड गर्लीचा गुडघा दुखत असताना रॅम्सच्या तरुण राखीव खेळाडूकडे काम जाईल असे धरून अनेकांनी त्याला घेतले. 18 डिसेंबरला रॅम्सने सी. जे. अँडरसनला करारबद्ध केले. त्या हंगामात आधीच्या संघांनी त्याला सोडून दिले होते. पाच दिवसांनी, बऱ्याच लीगच्या अंतिम सामन्याच्या आठवड्यात, अँडरसनने ॲरिझोनाविरुद्ध 20 कॅरींमध्ये 167 यार्ड काढले आणि पुढच्या आठवड्यात 132. अनुभवी माणूस अचानक बोलावला जातो तेव्हा घरातल्या माणसावर संघाचा भरवसा नाही, हे त्यातून कळते.

हीच खूण 2014 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सने दिली होती. 16 नोव्हेंबरला जोनास ग्रेने इंडियानापोलिसविरुद्ध 37 कॅरींत 201 यार्ड आणि चार टचडाउन केले, आणि त्या मंगळवारी रात्री कितीतरी लीगमध्ये उरलेले सगळे बजेट त्याच्यावर रिकामे झाले. गुरुवारी पेट्रियट्सने पिट्सबर्गने सोडलेल्या लगॅरेट ब्लाउंटला परत बोलावले. शुक्रवारी ग्रे सरावाला उशिरा पोहोचला. रविवारी डेट्रॉइटविरुद्ध त्याला एकही स्नॅप मिळाला नाही, आणि त्या सामन्यातले धावेचे दोन टचडाउन ब्लाउंटने केले. ग्रेच्या उशिराचा अंदाज कोणालाच बांधता आला नसता. पण ब्लाउंटच्या कराराची बातमी गुरुवारपासून सर्वांसमोर होती, आणि ग्रेला रविवारी खेळवायचे की बेंचवर बसवायचे हे ठरवायला त्यानंतर तीन दिवस उरले होते.